वाचायला न लावणारा गट : नाशिकमध्ये डिस्लेक्सियाचा आधारगट चालवू पाहणाऱ्यांसाठी

गट सुरू करून जेमतेम चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. इंदिरानगरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बारा-तेरा पालक गोलात बसले होते. वाचताना मुलाचं काय होतं हे आईबापांना कळावं म्हणून मी एक युक्ती काढली होती. मोडीतल्या एका जुन्या पत्राच्या झेरॉक्स वाटल्या, मोबाईलवर एक मिनिटाचा गजर लावला आणि म्हटलं, "चला, एकेकानं मोठ्यानं वाचा. मराठीच आहे." लोक अडखळले, हसले, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं. मग पाळी आली सातपूरच्या कंपनीत काम करणाऱ्या एका वडिलांची. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, "आलोच, गाडी आडवी लागलीय," म्हणाले आणि गेले. पुढच्या बैठकीला नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. तीन महिन्यांनी त्यांची बायको भेटली. म्हणाली, "ताई, त्यांना आपलं साधं मराठीपण वाचायला जड जातं. तुम्ही सगळ्यांसमोर वाचायला लावलं, त्यांना चौथीचा वर्ग आठवला."

डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं जड जाणं, बऱ्याचदा घराण्यातून येतो हे मला पाठ होतं. दहा ठिकाणी सांगूनही झालं होतं. पण ज्यांना सांगतेय त्यांच्यातलेच काहीजण तसे असणार, हा साधा हिशेब डोक्यात आला नव्हता. वाचनाची अडचण असलेल्या घरांचा गट मी कागदावर चालवत होते. दाराशी नाव लिहायची वही, हातात माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवर वीस-वीस ओळींचे निरोप. पुढे जे लिहिलंय ते त्या चुकीनंतर बदललेल्या पद्धतीबद्दल आहे. तुम्ही आई असा, निवृत्त शिक्षक असा किंवा नुसतेच वेळ देऊ शकणारे शेजारी असा, गट चालवायला घेण्याआधी एकदा वाचा. वाचायला कंटाळा येत असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. त्यात काही कमीपणा नाही, हाच तर गटाचा पहिला धडा.

आपल्याला नेमकं काय माहीत असायला हवं

डिस्लेक्सिया हा शब्द १८८७ साली रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञानं वापरला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १४ वर्षांच्या, बाकी सगळ्यात हुशार पण वाचता न येणाऱ्या एका मुलाची हकिगत छापली, तीही 'शब्दांधळेपणा' या नावाखाली. डोळ्यांवरचा तो संशय अजून पुसला गेलेला नाही. आपल्याकडेही पालक आधी चष्म्याच्या दुकानात जातात. डोळे तपासायलाच हवेत आणि कानही. पण मूळ अडचण बहुतेकांत आवाजाची असते : ऐकलेल्या शब्दाचे तुकडे करणं आणि त्या तुकड्यांना झटकन अक्षर जोडणं जड जातं. बुद्धीशी, मेहनतीशी याचा संबंध नाही. सोबत लिहिण्याची अडचण म्हणजे डिस्ग्राफिया आणि गणिताची म्हणजे डिस्कॅल्क्युलिया असू शकते. कायद्याच्या भाषेत या सगळ्याला मिळून 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणतात, शाळेच्या आवारात मात्र सगळे 'एलडी'च म्हणतात.

पालकांना हे समजावताना इंग्रजीतली बी-डीची उलटापालट सांगत बसू नका. आपल्या लिपीतूनच सांगा. 'विचार' लिहिताना वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण तोंडातून आधी येतो व. 'सूर्य' मधला र आधी ऐकू येतो आणि बसतो मात्र य च्या डोक्यावर. 'चार' आणि 'चाक' यातला च लिहायला एक, बोलायला दोन. ब-व, घ-ध, भ-म, थ-य ही जावाजावांसारखी दिसणारी अक्षरं वेगळीच. आपण हे सगळं नकळत सांभाळतो. ज्याला आवाज आणि अक्षराची जोडी पक्की बसत नाही त्याला प्रत्येक शब्द नव्यानं सोडवावा लागतो. मराठी माध्यमातली कितीतरी मुलं पहिली-दुसरीत धडा ऐकून पाठ करतात आणि पुस्तकावर बोट फिरवत 'वाचतात', हे मी पाहिलंय. जोडाक्षरांची गर्दी झाली की तिसरी-चौथीत बिंग फुटतं. मग घरी म्हणतात, "गेल्या वर्षीपर्यंत छान वाचायचा, आता आळशी झालाय."

एवढं कळलं की बास. निदान करणं, मुलाला शिकवणं, आईबापांचं मानसोपचार करणं यातलं एकही काम गटप्रमुखाचं नाही. "मला तरी वाटतं तुमच्या मुलीला एलडीच आहे," हे वाक्य तोंडातून जाऊ द्यायचं नाही, अगदी मनात शंभर टक्के खात्री असली तरी. आपलं काम सोबतीचं. दार कुठलं ते सांगायचं, दारापर्यंत बरोबर जायचं, बाहेर बाकावर थांबायचं.

जागा, वार, निरोप

जागा तळमजल्यावरची, फुकटची आणि शाळेच्या वर्गासारखी न दिसणारी बघा. सोसायटीचा हॉल, मंगल कार्यालयाची मागची खोली, देवळाचं सभागृह, काहीही चालतं. बाकं असलेला वर्ग शक्यतो नको, त्यात बसलं की काही पालक आपोआप शेवटच्या बाकावर जातात. नाशिकरोड, सिडको आणि पंचवटी तिन्हीकडून येणाऱ्यांना मध्यावर एकच जागा सापडत नाही, त्यामुळे एक मोठा गट करण्यापेक्षा आठ-दहा घरांचे दोन छोटे गट केलेले बरे. सातपूर-अंबडला पाळ्या चालतात, तेव्हा वार ठरवण्याआधी वडिलांची पाळी विचारा. नाहीतर गट फक्त आयांचा होतो आणि घरी गेल्यावर एकटी आई सगळ्यांना समजावत बसते. बुधवारी गोदाघाटाकडे बाजार भरतो, तो वार पंचवटीकरांसाठी सोडून द्या. निफाड-दिंडोरीकडच्या घरांना जानेवारी ते मार्च द्राक्षांमुळे श्वास घ्यायला फुरसत नसते आणि दहावी-बारावीची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येते. त्यांच्याशी जे बोलायचं ते दिवाळीआधी बोलून घ्या.

निरोप आवाजात पाठवायचा. चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज : कुठे, कधी, किती वेळ, येताना काय आणायचं. पत्ता सांगताना खुणेनं सांगा, "दवाखान्याच्या समोरचा निळा गेट." एवढ्या एका बदलानं आमच्याकडे येणारे वडील वाढले. का ते मी कुणाला विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

पहिली बैठक

दाराशी वही ठेवू नका. नावं तोंडी विचारा आणि तुमच्या सोबत्याला नंतर टिपून घेऊ द्या. एकट्यानं गट कधीच चालवू नये, किमान दोघं हवीत : एक बोलणारा, एक बघणारा. बघणाऱ्यानं कोण गप्प आहे, कोण दाराकडे बघतंय, कुणाचा चहा तसाच राहिलाय याकडे लक्ष ठेवायचं. चहा आधी द्या. हातात कप असला की माणसाला हातांचं काय करायचं हा प्रश्न राहत नाही.

तीन नियम तोंडी सांगायचे. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. कुणी मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आणि इथे कुणालाही वाचायला किंवा लिहायला लावलं जाणार नाही. तिसरा नियम सांगताना एक-दोघांचे खांदे खाली येतात. ते दिसलं तरी पाहिल्याचं दाखवू नका.

"मुलाला काय झालंय?" असं विचारून सुरुवात केली की लोक रिपोर्ट वाचून दाखवायला लागतात. त्याऐवजी विचारा, "संध्याकाळी अभ्यासाला बसलं की तुमच्या घरी काय होतं?" मग खरं घर खोलीत येतं. पुस्तक फेकलं, मी एक ठेवून दिली, मग मीच रडले, आजी म्हणाल्या पोराला जगू दे. ऐकताना मध्ये उपाय सुचवायचा मोह आवरा. पहिल्या बैठकीत उपाय सांगितला की लोक उपाय घेऊन जातात आणि परत येत नाहीत.

दोन प्रकारची माणसं प्रत्येक गोलात असतात. एक, ज्यांचं बोलणं थांबत नाही. त्यांना तोडायचं नाही. "काकू, हे महत्त्वाचं आहे, चहानंतर आपण दोघी बसू," असं म्हणायचं आणि खरंच बसायचं. दुसरे, "हे सगळं हिच्या लाडानं झालंय" म्हणणारे. त्यांच्याशी वाद घालून बायकोसमोर हरवलंत तर त्याची किंमत ती घरी जाऊन मोजते. शेजारी एखादे जुने वडील बसवा, तेच बोलतात.

आनुवंशिकतेचा विषय फार जपून काढा. "घराण्यातून येतो" म्हटलं की दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणतात, "तरी म्हटलं, माहेरचंच असणार." मी आता असं सांगते : उंची जशी कुणाकडूनही येते तसं हे येतं आणि ज्याच्याकडून आलं त्यानं आजवर संसार चालवलाच आहे की नाही?

रात्री नऊचा फोन

गटात येण्याआधी माणूस फोन करतो, बहुतेक वेळा रात्री, मुलं झोपल्यावर. संवाद साधारण असा असतो :

"ताई, माझा मुलगा चौथीत आहे. सर म्हणतात एलडी आहे. बरा होईल ना?"

"बसा आधी निवांत. नाव काय तुमच्या मुलाचं? त्याला आवडतं काय?"

दुसऱ्या प्रश्नावर बाई थबकतात, कारण गेले सहा महिने तो कुणी विचारलेलाच नसतो. मग सावकाश सांगायचं की हा आजार नाही, त्यामुळे 'बरा' होण्याचा प्रश्न येत नाही. तो वाचायला शिकेल, पण वेगळ्या पद्धतीनं, जास्त सरावानं, आणि वेग कदाचित आयुष्यभर थोडा कमी राहील. "काळजी करू नका, सगळं ठीक होईल," असं म्हणू नका. "आइन्स्टाईनलासुद्धा होता," हे तर मुळीच नको. त्याला होता याचा पुरावा नाही. आणि चौथीतल्या पोराच्या आईला आइन्स्टाईन नको असतो, उद्याच्या चाचणीचं काय करायचं ते हवं असतं.

चार गोष्टी विचारून घ्या. डोळे-कान तपासले का? शाळा किती वेळा बदलली, किती बुडाली? घरी कोणती भाषा बोलता? आणि गोष्ट वाचून दाखवली तर त्याला समजते का, पुन्हा सांगता येते का? तिसरा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार मोलाचा आहे. बागलाण-मालेगावकडून आलेल्या घरात अहिराणी असते, सुरगाणा-पेठकडच्या घरात कोकणा. पुस्तकी मराठी त्या मुलाला नवीच भाषा असते आणि ती शिकायला लागणारा वेळ म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर "ऐकून सगळं समजतं, सांगतोही छान, पण पुस्तक धरलं की संपलं," असं आलं तर रीतसर तपासणीकडे पाठवा. या उत्तरांवरून निष्कर्ष मात्र काढायचा नाही. फोन ठेवताना एकच काम द्या. पाच दिलीत तर एकही होणार नाही.

फाईल

माझ्या मते गटप्रमुखाचं अर्धं काम फाईल आहे. पालक दवाखान्यात जातात, तिथे "दुसरीचा निकाल आणलाय का?" विचारतात, तो नसतो, फेरी वाया जाते, वडिलांची एक रजा जाते. दोन फेऱ्या वाया गेल्या की लोक सोडून देतात.

फाईलमध्ये हवं : जन्माच्या वेळची दवाखान्याची कागदपत्रं, डोळे आणि कान तपासल्याचे कागद, पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, आधीच्या चाचण्यांचे रिपोर्ट, शाळेचं पत्र, मुलाचं आणि पालकांचं आधार, फोटो. आणि वह्या. जुन्या वह्या रद्दीवाल्याला देऊ नका, हे पहिल्याच भेटीत सांगा. तिसरीच्या वहीत पहिल्या पानावरचं वळणदार अक्षर आणि चाळिसाव्या पानावरची गळालेली ओळ, एकाच शब्दाची तीन वेगवेगळी रूपं, हे जेवढं दाखवतं तेवढं पालकांचं तासभराचं बोलणं दाखवत नाही. फाईलवर चिठ्ठ्या चिकटवण्याऐवजी रंगीत फोल्डर करा : दवाखान्याचं लाल, शाळेचं हिरवं, आधार वगैरे पिवळं. मूळ कागद घरी, झेरॉक्स सोबत, आणि प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलमध्ये.

आता प्रमाणपत्राकडे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातल्या २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि ती लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते बदल करणं ही शाळेची जबाबदारी आहे, हेही त्यात लिहिलंय. तपासणीत साधारण बालरोगतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक असतात. आधी शारीरिक तपासणी, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. या चाचणीसाठी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेचा संच वापरला जातो. हे सगळं एका दिवसात उरकत नाही, दोन-तीन फेऱ्या धरूनच चला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांमध्ये शाळेतली प्राथमिक पडताळणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी सांगितली होती, म्हणून पहिलीतल्या मुलाच्या पालकांना प्रमाणपत्राच्या मागे धाववू नका. त्यांना शिकवण्याच्या मदतीकडे वळवा, तिला कागद लागत नाही.

इथे पालकांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती खासगी रिपोर्ट आणि सरकारी प्रमाणपत्र यांत. खासगी तज्ज्ञाचा चांगला रिपोर्ट मुलाला कसं शिकवायचं ते सांगतो, आणि तो मोलाचाच आहे. पण परीक्षेतल्या सवलतीसाठी अधिकृत केंद्राचंच प्रमाणपत्र लागतं. आमच्या गटातल्या एका घरानं चांगली रक्कम मोजून रिपोर्ट केला आणि दहावीच्या वर्षी शाळेनं तो परत केला. म्हणून निघण्याआधी दोन फोन : एक जिल्हा रुग्णालयात (कोणत्या वारी, कोणत्या खिडकीवर, नाशिकला नसेल तर कुठे), दुसरा शाळेत (मंडळाला सध्या कुठलं प्रमाणपत्र चालतं). उत्तर देणाऱ्याचं पद आणि तारीख टिपून ठेवा. दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा म्हणजे यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. तो भरताना पालकांच्या शेजारी बसा, मोबाईल त्यांच्याच हातात राहू द्या. ओटीपी तुम्ही मागायचा नाही. प्रमाणपत्रावर मुदत किंवा पुन्हा तपासणीची तारीख असेल तर ती तुमच्या डायरीत चढवा, कारण पालक विसरतात आणि नेमकी नववीत मुदत संपते.

तपासणीच्या दिवशी मूल झोपलेलं, जेवलेलं हवं. "सोपं आहे, घाबरू नको," असं सांगून पाठवू नका. जमलं नाही की त्याला वाटतं, सोपंही आपल्याला येत नाही. आणि आदल्या रात्री उजळणी घेऊ नका! एका आजोबांनी हौसेनं तीन दिवस बाराखडी घोटून घेतली होती.

सवलती : ताटातलं सगळं वाढून घ्यायचं नसतं

कायद्यातच जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा, लेखनिक, कॅल्क्युलेटर, गणिताला सोपा पर्याय अशा सवलती मिळत आल्या आहेत. नियम परिपत्रकानुसार बदलतात, तेव्हा त्या वर्षीचं परिपत्रक शाळेकडून मागून घ्या. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. आपलं विभागीय मंडळ नाशिकलाच आहे, धुळे, जळगाव, नंदुरबारच्या पालकांना त्यासाठी इथवर यावं लागतं, त्या मानानं आपण सुखी. दहावीसाठी नववीच्या सुरुवातीलाच हालचाल करा.

पण सगळ्या चौकटींत टिक करायची घाई नको. ज्या मुलाला आकडे छान कळतात आणि मशीन खोलायला आवडतं, त्याला केवळ 'मिळतंय म्हणून' गणिताचा सोपा पर्याय दिला तर पुढे डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या दाराशी अडतं. नाशिकसारख्या कारखान्यांच्या गावात हे दार बंद करणं परवडणारं नाही. मुलाला समोर बसवून विचारा, तुला कशात मदत हवी? नववीतलं पोर याचं नेमकं उत्तर देतं. एकानं सांगितलं होतं, "लेखनिक नको, मला फक्त प्रश्न वाचून दाखवा."

लेखनिक घ्यायचा असेल तर तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो आणि त्याच्याबरोबर सराव लागतो. सांगून लिहून घेणं हे वेगळं कसब आहे. मनात उत्तर जुळवायचं, वाक्य पूर्ण सांगायचं, आकृती तोंडी समजावायची. नववीच्या पहिल्या चाचणीपासून हा सराव सुरू झाला नाही तर दहावीत लेखनिक असूनही पेपर अर्धा राहतो. गटातल्याच आठवी-नववीच्या भावंडांतून लेखनिक तयार करणं हे तुमच्या हातून होण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम आहे.

शाळेत जाताना

पालकांबरोबर जा, पालकांच्या पुढे नाही. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. थेट वर तक्रार घेऊन गेलात की वर्षभर मूल त्याचं व्याज भरतं. एका वर्गात पन्नास मुलं सांभाळणाऱ्या बाईंना कायद्याचं कलम ऐकवण्यापेक्षा तीन छोट्या गोष्टी मागा : सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका, फळ्यावरचं उतरवायला शेजारच्याची वही घेऊ द्या, इतिहासाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांसाठी समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांची भेट मागून घ्या. ठरलेलं बोलणं शाळेला दोन ओळींच्या पत्रानं कळवा, पोच घ्या, हिरव्या फोल्डरमध्ये टाका. अजिबातच दाद मिळाली नाही तर कलम आहेच.

२७ फेब्रुवारीच्या आठवड्यात थोडं जास्त लक्ष ठेवा. कुसुमाग्रजांचं गाव म्हणून इथे मराठी भाषा गौरव दिन जोरात होतो, प्रकट वाचन आणि शुद्धलेखनाच्या स्पर्धा होतात. आणि आमच्या गटातल्या दोन-तीन मुलांच्या पोटात त्या दिवशी हमखास दुखतं. ज्या शहरात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे तिथे 'मला वाचता येत नाही' म्हणणं किती अवघड असेल, याचा मी फार उशिरा विचार केला. शाळेला सुचवा, कविता पाठ म्हणण्याची स्पर्धा ठेवा. त्यात यातलीच पोरं बक्षिसं घेतात.

घरी काय सांगायचं

शिकवणं विशेष शिक्षकाचं काम, हे पुन्हा सांगते. पद्धतशीर, आवाजापासून अक्षराकडे जाणारं, डोळे-कान-हात एकत्र वापरणारं शिकवणं अमेरिकेत १९३० च्या दशकात ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी बसवलं, आजचे बरेचसे विशेष शिक्षक त्याच वाटेनं जातात. आपल्याकडे धूळपाटीवर अक्षर गिरवत मोठ्यानं म्हणायची रीत होतीच. नुसतं गिरवून भागत नाही, बोट फिरताना तोंडातून तो आवाज यायला हवा. ताटात रवा पसरून दहा मिनिटं, रोज. तासभर नको.

ज्या आईबापांना स्वतःलाच वाचणं जड जातं ते म्हणतात, आम्ही काय शिकवणार. त्यांना आवाजाचे खेळ द्या, त्यात कागद नाही. भाकरी थापता थापता विचारायचं : 'कमळ' मधला क काढला तर काय उरलं? 'वारा' मधल्या 'वा' च्या जागी 'मा' लावून काय झालं? प्रवासात भेंड्या खेळा. शेवटचं अक्षर पकडणं हा याच जातीचा व्यायाम आहे. बिनवाचनाची गोष्ट सांगा, शेताची, गावाची, कंपनीतल्या मशीनची. धडा मोठ्या बहिणीनं मोबाईलवर वाचून भरून ठेवावा आणि मुलानं ऐकत पुस्तकावर बोट फिरवावं. त्या बहिणीला मात्र घरची मास्तरीण करू नका. भावंडांची स्वतंत्र बैठक वर्षातून एकदा घ्या, त्यांच्याकडे बोलण्यासारखं बरंच असतं.

मोठी माणसं

यांच्यासाठी बहुतेक गटांत जागाच नसते. चाळिशीतला माणूस सुपरवायझरची बढती नाकारतो, कारण रजिस्टर भरावं लागेल. बँकेत "चष्मा विसरलो" म्हणून फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेतो. त्याला तपासणीचा आग्रह करू नका. त्याला हवं असतं ते म्हणजे बोलून टाइप होणारा कीबोर्ड कसा वापरायचा, मोबाईलकडून मेसेज वाचून कसा घ्यायचा, साहेबांना काय आणि किती सांगायचं. हे शिकवायला शेजारी शेजारी बसा, गोलात नको. शिक्षण पुन्हा सुरू करायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे, १९८९ पासून. शाळाच सुटली असेल तर मुक्त विद्यालयाचा मार्ग असतो.

सातपूरचे ते वडील वर्षभरानं परत आले. महिन्याचा व्हॉइस मेसेज आता तेच भरतात. अगदी नाशिकच्या हेलात, आणि शेवटी "मिसळ मिळणार नाही, चहा मिळेल," हेही न विसरता.

ज्यांना दारातूनच परत पाठवायचं

गटाला थोडं नाव झालं की विक्रेते येतात. बुद्धीवर्धक काढा, मेंदू जागा करणारा कोर्स, रंगीत काचेचा चष्मा, बोटांच्या ठशांवरून मुलाचं भविष्य, "नव्वद दिवसांत हमखास वाचन". डिस्लेक्सियाचं औषध नाही आणि हमखास हा शब्द वापरणारा माणूस आपला नाही. गटात कुणालाही विक्री करू द्यायची नाही, ओळखीच्या शिकवणीवालीलाही नाही. तज्ज्ञांची नावं मागितली तर दोन-तीन द्या, एकाचंच देऊ नका, आणि कुणाकडूनही त्याबद्दल पेढासुद्धा घेऊ नका.

जपायच्या गोष्टी

मुलाचा फोटो, नाव, रिपोर्ट ग्रुपवर टाकायचा नाही. पालकांनी हौसेनं टाकला तर काढायला सांगा. पाचवीतलं मूल उद्या अकरावीत जाणार आहे आणि ग्रुपमध्ये कुणाचा तरी भाचा त्याच्या वर्गात असतोच. मुलाबरोबर एकट्यानं बंद खोलीत बसू नका, मदतीला येणाऱ्या कुणालाही बसू देऊ नका. मूल "मला जगायचंच नाही" असं बोललं, किंवा घरात-शाळेत मारहाणीच्या खुणा दिसल्या, तर ते गटातलं गुपित राहत नाही. पालकांशी त्याच दिवशी बोला. मानसिक आधारासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन नंबर फोनमध्ये भरून ठेवा. मारणारा घरातलाच असेल तर आधी १०९८.

पैसे शक्यतो गोळाच करू नका. चहाचे होतात तेवढे, तेही डब्यात, हिशेब सगळ्यांसमोर तोंडी.

तुमचं स्वतःचं

फोनची वेळ ठरवा. माझी संध्याकाळी सात ते साडेनऊ आहे, रविवारी बंद. पहिली दोन वर्षं ती नव्हती आणि माझ्याच मुलीचा अभ्यास घ्यायला मी नव्हते. महिन्यातून एकदा सोबत्याशी बसून जड झालेलं बोलून टाका, नावं न घेता.

पहिल्या दिवसापासून पुढचा माणूस शोधा. सहसा तो सगळ्यात जास्त बोलणाऱ्यांत नसतो, खुर्च्या न सांगता उचलणाऱ्यांत असतो. त्याला आधी निरोपाचं काम द्या, मग दवाखान्यात सोबत जाण्याचं, मग एक बैठक पूर्ण त्याच्यावर सोडा आणि तुम्ही मागे चहा गाळा. सोपवताना लेखी अहवाल देऊ नका, तो कुणी वाचत नाही. पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा : कोणत्या घराची फाईल कुठपर्यंत आली, कुणाच्या प्रमाणपत्राची तारीख जवळ आलीय, कुठल्या शाळेत कोण ऐकून घेतं, कोणत्या वडिलांना गोलात प्रश्न विचारायचा नाही. डायरी सोबत द्या. हॉलची चावी वॉचमनकडे असते आणि तो साडेदहाच्या आत येत नाही, तेही सांगा.